बातमी आपली, लेख कोणाचा?

आपल्या घरातील कोणाचे नाव वर्तमानपत्रात छापून आले, म्हणजे त्या दिवशी घराला सणाची कळा येते. शेजारीपाजारी अंक हातात घेऊनच दाराशी येतात, आजी चष्मा शोधू लागते, आणि ज्याचे नाव आले तो "त्यात काय एवढे!" असे वरकरणी म्हणत असतानाच अंकाच्या आणखी चार प्रती आणावयास कोणाला तरी धाडून देतो. मग ते कात्रण कापले जाते, वहीत चिकटविले जाते, कधी काचेच्या चौकटीत बसून भिंतीवर चढते. यात गैर असे काहीच नाही. आपल्या गुणांची कोणी दखल घेतली तर आनंद व्हावा, हा मनुष्यस्वभावच आहे.

परंतु या आनंदाच्या पाठोपाठ पुष्कळदा दुसरा एक विचार मनात येतो. इतके चांगले लिहिले आहे, तर हेच छापून गावभर का वाटू नये? दुकानाच्या पाटीवर का रंगवू नये? हल्ली तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून क्षणार्धात हजार लोकांना पाठविता येते. लेख आपल्याविषयीचा, चेहरा आपला, नाव आपले. मग त्याचा उपयोग करताना कोणाला विचारावयाचे कारण काय? मुलांनो, या प्रश्नाचा आपण या पाठात विचार करू. तो वाटतो तितका सोपा नाही.

एक उदाहरण कल्पू. कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात एक वृद्ध कारागीर चपला करतात. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे, हाताने कापलेला तळ, चामड्याच्याच बारीक वादीने घातलेली शिवण आणि पट्ट्यावर गुंफलेली वेणी, असे त्यांचे काम. एके दिवशी एका वृत्तपत्राचा वार्ताहर त्यांच्याकडे येतो. दिवसभर त्यांच्या शेजारी बसतो, प्रश्न विचारतो, टिपणे घेतो. बरोबरचा छायाचित्रकार योग्य उजेडाची वाट पाहत उंबऱ्यात ताटकळतो आणि कारागिराचे हात नेमके वादी ओढीत असताना कळ दाबतो. पुढच्या रविवारच्या पुरवणीत अर्धे पान भरून लेख येतो. लोक वाखाणणी करतात. कारागिराचा मुलगा तो लेख जसाच्या तसा, छायाचित्रासह आणि वृत्तपत्राच्या नावाच्या ठळक अक्षरांसह, दोन हजार हस्तपत्रकांवर छापून घेण्यासाठी छापखान्यात जातो. छापखान्याचे मालक अनुभवी. ते विचारतात, "परवानगीचे पत्र आणले आहेस काय?" मुलगा चकित होतो. "परवानगी? अहो, लेख तर आमच्या अप्पांवरच आहे!"

मुलाच्या या उद्गारात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य हे नेहमी नीट उलगडून पाहावे लागते. त्या लेखात दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र नांदत आहेत. एक म्हणजे हकिकत. अप्पा कोणत्या गावी राहतात, किती वर्षे चपला करतात, कातडे कसे कमावतात, ही झाली हकिकत. दुसरी म्हणजे त्या हकिकतीची मांडणी. कोणत्या वाक्याने आरंभ करावा, अप्पांच्या बोलण्यातील कोणता शब्द उचलावा, कोणता सोडावा, त्यांच्या भेगाळलेल्या बोटांचे वर्णन कसे करावे, हे सर्व वार्ताहराने ठरविले. हकिकत त्याने निर्माण केली नाही, ती होतीच. मांडणी मात्र त्याच्या बुद्धीतून आणि श्रमातून जन्मास आली.

जगातील बहुतेक देशांचे कायदे या दोहोंत भेद करतात. हकिकतीवर कोणाचीच मालकी नसते. बर्न येथे १८८६ साली लेखकांच्या हक्कांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ज्यात भारत १९२८ पासून सामील आहे, त्या कराराच्या आजच्या मसुद्यातही रोजच्या नुसत्या बातमीला संरक्षण दिलेले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली एका नाटककाराने चित्रपट निर्मात्यांवर लावलेल्या दाव्यात सांगितले की, कल्पना, विषय किंवा ऐतिहासिक घटना यांवर स्वामित्व सांगता येत नाही; त्या ज्या रीतीने व्यक्त केल्या असतील, त्या रीतीवर सांगता येते. या हक्कालाच स्वामित्वहक्क म्हणतात. 'कॉपीराइट' हा त्याच अर्थाचा शब्द आता मराठीतही रूढ झाला आहे आणि तो मोठा बोलका आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'प्रत काढण्याचा हक्क' असा होतो. मूळ रचनेच्या नव्या प्रती कोणी काढाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार तो हाच.

हा हक्क काही पुराणकाळापासून चालत आलेला नाही. पोथी हाताने उतरून काढावयाची, त्या काळी नक्कल करणे हेच कष्टाचे काम होते. नक्कल करणाऱ्याला लोक पुण्यवान समजत. मुद्रणयंत्र आले आणि एका दिवसात शेकडो प्रती निघू लागल्या, तेव्हा लिहिणाऱ्याचे श्रम दुसऱ्यानेच विकून खाण्याची भीती उत्पन्न झाली. इंग्लंडात ॲन राणीच्या कारकिर्दीत, १७१० साली, लेखकाचा हक्क मान्य करणारा पहिला कायदा अमलात आला. स्वतंत्र भारताने आपला कायदा १९५७ साली केला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या असल्या, तरी आजही आपल्याकडे चालतो तो हाच कायदा.

आता अप्पांच्या मुलाने विचारावे, "पण अंक तर आम्ही पैसे देऊन विकत घेतला आहे ना?" या शंकेचे उत्तर जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात मिळते. अलेक्झांडर पोप हा इंग्लंडातील नामांकित कवी. एडमंड कर्ल नावाच्या ग्रंथविक्रेत्याने पोप आणि त्याचा मित्र जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार परस्पर छापून विकावयास काढला. पोपने दाद मागितली. कर्लच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की, पत्र एकदा दुसऱ्याला पाठविले, म्हणजे ते त्याला दिल्यासारखेच झाले. लॉर्ड हार्डविक या न्यायाधीशाने १७४१ साली जो निर्णय दिला, तो आजही मार्गदर्शक मानला जातो. पत्र ज्याच्या हाती पडले त्याची मालकी फार तर कागदावर. त्यावरील मजकूर जगापुढे प्रसिद्ध करण्याचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो, असे त्याने ठरविले.

कात्रणालाही हाच न्याय लावावा. अंक विकत घेतला, तो कागद आपला झाला. तो चौकटीत बसवावा, दुकानात टांगावा, गिऱ्हाइकास दाखवावा, हवा तर रद्दीत विकावा. कोणी हरकत घेणार नाही. त्या कागदावरून दोन हजार नवे कागद निर्माण करावयाचे म्हटले, की तेथे आपला हक्क संपतो.

येथपर्यंत मार्ग सरळ आहे. परंतु मनुष्याचे स्वतःचेच शब्द वर्तमानपत्राने छापले असतील तर? या प्रश्नावर इंग्लंडात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठा वाद झाला, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

लॉर्ड रोझबरी हे इंग्लंडचे पंतप्रधान होऊन गेलेले गृहस्थ. त्यांच्या वक्तृत्वाची मोठी ख्याती होती. १८९६ ते १८९८ या काळात त्यांनी निरनिराळ्या ठिकाणी केलेली काही भाषणे लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्राने सविस्तर छापली. त्या काळी ध्वनिमुद्रणाची आजच्यासारखी सोय नव्हती. 'टाइम्स'चे वार्ताहर सभेत बसून लघुलिपीत भाषण उतरून घेत. वक्ता काही थांबत नाही, श्रोते मध्येच टाळ्या वाजवितात, एखादा शब्द ऐकू येत नाही. अशा गोंधळातून प्रत्येक वाक्य नेमके पकडावयाचे. मग त्या खुणांचा उलगडा करून ते पूर्ण अक्षरांत लिहावयाचे, विरामचिन्हे घालावयाची, परिच्छेद पाडावयाचे, चुका दुरुस्त करावयाच्या. आणि हे सर्व दुसऱ्या दिवशीचा अंक निघण्यापूर्वी. लघुलिपीत नुसती गती असून भागत नाही. कानाने ऐकलेले मनाने समजावे लागते.

पुढे १८९९ साली जॉन लेन नावाच्या प्रकाशकाने रोझबरींच्या भाषणांचे एक पुस्तक काढले. त्यातील काही भाषणे त्याने जवळजवळ शब्दशः 'टाइम्स'मधील वृत्तांतावरून घेतली होती. 'टाइम्स'च्या मालकांनी त्याच्यावर फिर्याद केली. खुद्द रोझबरींनी या भाषणांवर कोणताच हक्क सांगितला नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की, दुसऱ्याने उच्चारलेले शब्द कागदावर उतरविणाऱ्या वार्ताहराला 'लेखक' म्हणावे काय?

पहिल्या न्यायालयाने वृत्तपत्राच्या बाजूने निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो फिरविला; भाषण रोझबरींचे, वार्ताहर केवळ ते वाहून नेणारा, असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे वरवर पाहता किती पटण्याजोगे आहे! अखेर वाद सरदारांच्या सभेपुढे, म्हणजे त्या देशाच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायासनापुढे गेला, आणि ऑगस्ट १९०० मध्ये तेथे चार विरुद्ध एक अशा मताने वार्ताहरांचा विजय झाला. भाषण रोझबरींचे असले, तरी त्याचा वृत्तांत सिद्ध करण्यात वार्ताहराचे कौशल्य व श्रम खर्ची पडले आहेत. ज्याला भाषणाचा वृत्तांत हवा असेल, त्याने आपला वार्ताहर सभेला पाठवावा, दुसऱ्याने केलेल्या श्रमाचे फळ आयते उचलू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. एका न्यायाधीशाने वेगळे मत नोंदविले, हेही सांगितले पाहिजे. वाद खरोखरच तुल्यबळ होता.

आपल्या देशात या दोन हक्कांची वाटणी अधिक स्पष्ट केलेली आहे. जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा, असे आपल्या कायद्यातच लिहिलेले आहे. तसेच नुसत्या श्रमाने हक्क मिळत नाही. त्यात काही अंशी स्वतःचे कौशल्य व विवेक उतरला पाहिजे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. म्हणून भारतात वक्त्याने स्वतःचे भाषण स्वतःच्या टिपणांवरून अवश्य छापावे. वार्ताहराने आपल्या शब्दांत गुंफलेला त्या सभेचा वृत्तांत मात्र जसाच्या तसा उचलू नये.

लेखाविषयी हे पटले, तरी छायाचित्राविषयी मन मानत नाही. 'चेहरा माझा, मग चित्र दुसऱ्याचे कसे?' हा प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी निघाला. ऑस्कर वाइल्ड हा आयर्लंडमधील साहित्यिक १८८२ साली व्याख्याने देत अमेरिकेत फिरत होता. न्यूयॉर्क शहरातील नामवंत छायाचित्रकार नेपोलियन सरोनी याने त्याची अनेक छायाचित्रे काढली. त्यांपैकी एकाच्या ८५,००० प्रती एका शिळामुद्रण कंपनीने सरोनीला न विचारता छापल्या. सरोनी न्यायालयात गेला. कंपनीचे म्हणणे असे की, छायाचित्र यंत्र काढते, मनुष्य काढीत नाही; तेव्हा त्याला कसला आला कर्ता! १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. वाइल्डला कसे बसवावे, कोणता पोशाख व कोणता पडदा निवडावा, उजेड आणि सावली कशी पाडावी, मुद्रेवर कोणता भाव आणावा, हे सारे सरोनीने आपल्या मनाने योजिले. म्हणून चित्राचा कर्ता तोच, असा निकाल लागला. ज्याचा चेहरा त्या चित्रात होता, त्या वाइल्डचा या भांडणात काही संबंधच आला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अलीकडे तर ज्याचे छायाचित्र, त्याच्यावरच दावा लागल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील जीजी हदीद या प्रसिद्ध मॉडेलने रस्त्यात कोणी तरी काढलेले स्वतःचे छायाचित्र आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर घातले. ते चित्र ज्या संस्थेचे होते, तिने २०१९ साली तिच्यावर फिर्याद केली. संस्थेने त्या चित्राची सरकारदरबारी नोंदणी पूर्ण केलेली नव्हती, एवढ्या कारणावरून ती फिर्याद त्याच वर्षी फेटाळली गेली. मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. भारतात मात्र हक्क रचना निर्माण होताच मिळतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा 'खाली काही शिक्का नाही, म्हणजे चित्र मोकळे' असे कोणी समजू नये.

याच संदर्भात आपल्या कायद्यातील एक सोय प्रत्येक घराने माहीत करून घ्यावी. आपण छायाचित्रकाराच्या दुकानात जाऊन, पैसे देऊन, आपले छायाचित्र काढविले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्क आपला असतो. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने आपल्या कामासाठी काढलेल्या चित्राला हा नियम लागत नाही. म्हणून अप्पांच्या मुलाने गावातील छायाचित्रकाराकडून मोबदला देऊन चार चित्रे काढून घेतली, तर ती तो निर्धास्तपणे वापरू शकेल. वृत्तपत्रातील ते सुंदर चित्र मात्र त्याला मागूनच घ्यावे लागेल.

मागावयाचे कोणाकडे? वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या मनुष्याने त्या पत्रासाठी लेख लिहिला, तर वेगळा करार नसल्यास तो वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, आणि इतर सर्व बाबतींत लेखकाचा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निरनिराळे करार केलेले असतात आणि बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असण्याचा संभव नाही. म्हणून पत्र संपादकांच्या नावे धाडावे, हे उत्तम. हक्क आपल्याकडे नसेल, तर कोणाकडे आहे, हे ते सांगू शकतात.

प्रत्येक वेळी परवानगी लागतेच असेही नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी लेखाची नक्कल करणे, त्यावर टीका किंवा परीक्षण लिहिताना त्यातील उतारा देणे, चालू घडामोडींचे वृत्त देताना त्याचा वाजवी उपयोग करणे, शिक्षकाने वर्गात शिकविताना तो घेणे, या गोष्टींना कायद्याने मोकळीक दिली आहे. हक्काला कालमर्यादाही आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क संपू लागला, तेव्हा १९९२ साली ती वाढविण्यात आली. निनावी मजकुराच्या बाबतीत ही ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून कोणाच्या पणजोबांनी मारलेल्या कुस्तीची १९५० सालची निनावी बातमी ट्रंकेत सापडली, तर ती आज खुशाल छापावी. कालच्या लेखाला ही सवलत नाही. आणि आपल्या मालाची विक्री वाढावी म्हणून वाटलेले पत्रक हे अभ्यासातही बसत नाही आणि परीक्षणातही बसत नाही. कायद्यात यासाठी दंडाची व तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण छापखान्याचे मालक परवानगीविषयी विचारत होते, ते काही केवळ तुरुंगाच्या भीतीने नव्हे.

जाहिरातीत उतारा देताना आणखी एक धोका संभवतो, आणि माझ्या मते तो अधिक घातक आहे. समजा, एखाद्या परीक्षकाने नाटकाविषयी लिहिले की, "पहिला अंक उत्तम, परंतु पुढील दोन अंक पाहताना प्रेक्षकांच्या सहनशीलतेची परीक्षा होते." नाटकमंडळींनी जाहिरातीत परीक्षकाच्या नावाखाली एकच शब्द छापला: "उत्तम!" शब्द परीक्षकाचाच आहे, पण त्याचे म्हणणे ते नव्हे. लेखनाची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाध आणला, तर त्याला दाद मागण्याचा खास हक्क आपल्या कायद्याने दिला आहे. हा हक्क त्याने इतर हक्क विकून टाकल्यावरही त्याच्यापाशी राहतो. वृत्तपत्राच्या नावाची ती विशिष्ट अक्षरे वापरण्यातही असाच दोष आहे. ती अक्षरे म्हणजे त्या पत्राची ओळख, बहुधा त्याचे नोंदलेले व्यापारचिन्ह. ती आपल्या पत्रकावर मोठी करून छापली, तर वाचणाऱ्याला वाटावे की वृत्तपत्रानेच या मालाची शिफारस केली आहे. वार्ताहर बातमी देण्यास आला होता, माल खपविण्यास नव्हे. त्याच्या निःपक्षपातीपणावर लोकांचा विश्वास असतो म्हणूनच त्याच्या चार ओळींना मोल आहे. विकत घेतलेल्या स्तुतीपेक्षा ती स्तुती मोठी वाटते, याचे कारण हेच.

छापखान्याच्या मालकांनी हे सर्व कदाचित एवढ्या विस्ताराने सांगितले नसते. त्यांनी बहुधा अप्पांच्या चपलांकडे बोट दाखविले असते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा तो मान आहे. हे संरक्षण स्वामित्वहक्काहून वेगळे. ते एका लेखकाचे नसून एका प्रदेशातील परंपरेचे असते. पुढे जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीच्या पोशाखप्रदर्शनात कोल्हापुरी चपलांसारखीच पादत्राणे झळकली, आणि त्यांचे मूळ कोठले, हे प्रथम सांगण्यात आले नाही. महाराष्ट्रातून नाराजीचे सूर उमटले. त्यानंतर त्या पादत्राणांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून घेतली असल्याचे कंपनीने मान्य केले. ती बातमी वाचून कोल्हापूरच्या पेठांतून ज्या कोणाचे मन दुखावले असेल, त्याला वार्ताहराचे नाव गाळून त्याचा लेख छापणे कसे वाटेल, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वादी ओढणारा हात आणि लेखणी धरणारा हात यांच्या कष्टांत जातीचा भेद नाही.

परवानगी मागणे हे काही अवघड काम नव्हे. पुढील नमुन्याचे पत्र इयत्ता सातवीतील विद्यार्थ्यालाही लिहिता येईल.

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.
आपल्या वृत्तपत्राच्या दि. ……… च्या रविवार पुरवणीत माझ्या वडिलांच्या चपलांच्या व्यवसायाविषयी '………' हा लेख छायाचित्रासह प्रसिद्ध झाला. त्याबद्दल आम्ही आपले व लेखकांचे आभारी आहोत. सदर लेख व छायाचित्र आमच्या हस्तपत्रकावर पुनर्मुद्रित करण्याची आमची इच्छा आहे. पत्रकाच्या २,००० प्रती काढावयाच्या असून त्या एका प्रदर्शनात विनामूल्य वाटावयाच्या आहेत. लेखात कोणतीही काटछाट वा बदल करणार नाही. लेखक, छायाचित्रकार व वृत्तपत्र यांची नावे आणि प्रसिद्धीचा दिनांक ठळकपणे छापण्यात येईल. आपली अनुमती असल्यास ती लेखी कळवावी. त्यासाठी काही शुल्क अथवा अटी असल्यास त्याही कळवाव्यात. हा हक्क अन्य कोणाकडे असल्यास कृपया त्यांचा पत्ता द्यावा. कळावे,
आपला विश्वासू,
………

या पत्रात काय काय सांगितले आहे, ते पाहा. कोणता लेख, कोणत्या तारखेचा, कशासाठी, किती प्रती, कोठे वाटणार, बदल करणार की नाही, आणि नावे कोणाची देणार. एवढे कळल्याशिवाय संपादकांना निर्णय घेता येत नाही. छापील पत्रकाची अनुमती मिळाली म्हणून तोच लेख मोबाइलवरून पसरविण्याचीही मिळाली, असे समजू नये. तसे करावयाचे असल्यास पत्रात आधीच लिहावे. पुष्कळ संपादक अशा पत्राला आनंदाने होकार देतात. काही जण शुल्क मागतात, आणि तसे मागण्याचा त्यांना अधिकार आहे.

आणि नकार आला तर? तरीही अप्पांच्या मुलाच्या हाती पुष्कळ उरते. 'आमच्या चपलांविषयी अमुक वृत्तपत्रात अमुक तारखेस लेख प्रसिद्ध झाला आहे' एवढे सत्य सांगण्यास कोणाची मनाई नाही. शिवाय ज्या हकिकतीवर वार्ताहराने लेख उभारला, ती तर अप्पांचीच आहे. कातडे किती दिवस भिजत ठेवावयाचे, वेणी कोणी शिकविली, पहिली जोडी कोणासाठी केली, हे वार्ताहराला एका दिवसात जितके कळले, त्याहून किती तरी अधिक मुलाला ठाऊक असणार. त्याने अप्पांच्या शेजारी बसावे, वही उघडावी आणि ते सारे आपल्या शब्दांत लिहून काढावे. ते पत्रक छापताना छापखान्याचे मालक त्याला एकच प्रश्न विचारतील: खाली लेखक म्हणून कोणाचे नाव घालावयाचे?

स्वाध्याय

१. 'मुलाच्या या उद्गारात अर्धे सत्य आहे.' ते अर्धे सत्य कोणते आणि उरलेले अर्धे कोणते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. रोझबरींच्या भाषणांच्या खटल्यात तुम्ही न्यायाधीश असता, तर कोणत्या बाजूने निकाल दिला असता? दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मांडून उत्तर लिहा.

३. पुढील गोष्टींपैकी कोणत्या परवानगीशिवाय करता येतील व कोणत्या येणार नाहीत, ते कारणासह सांगा: (अ) आपल्यावरील लेखाचे कात्रण चौकटीत बसवून दुकानात लावणे, (आ) तोच लेख विक्रीच्या पत्रकावर छापणे, (इ) लेखातील माहिती आपल्या शब्दांत लिहिणे, (ई) वृत्तपत्रातील आपले छायाचित्र दुकानाच्या पाटीवर रंगविणे.

४. तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी वृत्तपत्रात आली आहे. ती शाळेच्या वार्षिकात छापण्यासाठी संपादकांची परवानगी मागणारे पत्र लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून त्यांच्या कामाची हकिकत ऐका आणि ती वीस ओळींत लिहून काढा.